माणूस घाईनं रंगवता येत नाही

देवळी, जि. वर्धा

चि. चिऊ,


तुझं पत्र पोचलं. मंगोलियातल्या चित्रकारांनी तैलरंगात काढलेली माणसं पाहून तू भारावली आहेस, आणि पुढच्या सत्रात आपणही तैलरंगात मनुष्याकृतीच करायची असं तुझ्या मनानं घेतलंय. वर्गातले काही जण म्हणतात, हे माध्यम परक्यांचं आणि माणसं काढायचे दिवसही सरले. तू विचारतेस, ‘मावशी, करू का?’ कर. का कर, ते जरा सविस्तर लिहिते.

आधी परकेपणाचं बघू. तैलरंग म्हणजे रंगाची पूड आणि तेल, आणि ते तेल बहुतकरून जवसाचं. ज्याची चटणी तू भाकरीबरोबर खात आलीस, तेच जवस. आता आपल्या शिवारात कपाशी, तूर नि सोयाबीनच जास्त दिसते; पण काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारं हे इथलं जुनं रब्बीचं पीक. सकाळी निळी फुलं उमलतात, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. इंग्रजी अमलात नागपूर-वर्ध्याकडचं जवस आगगाडीनं मुंबईला आणि तिथून बोटीनं युरोपात जायचं. तिकडच्या जुन्या चित्रकारांचं लिननचं कापडसुद्धा याच झाडाच्या धाग्याचं. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तेव्हा तिथल्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी तेलाची घाणी सुधारली. ती पुढं वर्धा घाणी म्हणूनच ओळखली गेली. तेव्हा तैलरंगाची रीत बाहेरून आली हे खरं, पण त्याच्या पोटातला जिन्नस आपल्या मातीतला आहे. परकेपणाचा संकोच मनातून काढून टाक.

आता मुख्य गोष्ट. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि रंग वाळतो. जवसाचं तेल असं उडत नाही. ते हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं, म्हणून वाळताना त्याचं वजन उलट थोडं वाढतं. पातळ थर हाताला कोरडा लागायला काही दिवस जातात, आतपर्यंत वाळायला महिने. हा संथपणाच माणसाच्या कातडीला मानवतो. गालावरचा उजेड हनुवटीखालच्या सावलीत कुठं विरतो, तिथं रेघ नसते. ओल्या रंगात ओला रंग मिसळत, पुसत, पुन्हा लावत ती जागा शोधता येते. आज नाक चुकलं तर उद्या खरवडून काढता येतं. एकाच माणसासमोर आठवडेच्या आठवडे बसायची मुभा हे माध्यम देतं.

तू म्हणशील, मग जलरंगात माणूस साधणाऱ्या चित्रकार हळदणकरांचं काय? सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र घराघरांत पोचलंय. कित्येक जण त्याला तैलचित्र समजतात, आणि वर रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र १९४५-४६चं, आणि आहे जलरंगात. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते ठेवलंय. समोर उभी होती त्यांचीच मुलगी. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीआड धरलेला. बोटांच्या फटींतून नि कातडीतून झिरपणारा तो तांबूस उजेड नीट बघ. जलरंगात उजेड म्हणजे मुळात कागदाचा पांढरेपणा. तो आधीपासून राखावा लागतो, एकदा झाकला की तसाच परत मिळवणं फार कठीण. तिथं हात ठरलेला लागतो. तैलरंगात तू गडद जागांपासून सुरुवात करू शकतेस आणि उजेड शेवटी ठेवू शकतेस. हळदणकरांचा दोन्ही माध्यमांवर हात बसलेला होता. एक मोठं आणि दुसरं लहान असं नाही. ज्याचा हात अजून ठरलेला नाही पण बसून बघायची ज्याची तयारी आहे, त्याला तैलरंग शिकवत राहतो.

आणि बघणं हेच शिक्षण असतं. त्रावणकोरच्या दरबारात १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा चित्रकार आला. त्यानं तरुण रविवर्म्याला शिकवलं नाही, काम करताना बघू मात्र दिलं. तेवढ्या बघण्यावर आणि स्वतःच्या मेहनतीवर तो माणूस उभा राहिला, आणि पुढं त्याच्या देवी आपल्याकडच्या नऊवारीत दिसू लागल्या. तुझ्या मंगोलियातही असंच झालं. तिथं चित्रपरंपरा मठांतली, कापडावर खनिज रंगांची. बाल्डुगीन शरव (१८६९–१९३९) यानं त्याच रीतीनं ‘मंगोलियातला एक दिवस’ काढलं. त्यात शेकडो बारकी माणसं आपापल्या कामात दंग आहेत. पुढच्या पिढीतला न्याम-ओसोरिन त्सुल्तेम मॉस्कोत तैलरंग शिकून आला. रीत रशियाची, पण चित्रात माणसं त्याच्या मुलखातली. तुझ्या जे.जे. कलाशाळेची स्थापना १८५७ची, तिथली शिकवण्याची रीतही साहेबाची. रीत कुणाकडून घेतली याला फार महत्त्व देऊ नकोस; समोर कुणाला बसवलं, त्याला दे.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. समोर आपल्या माणसांना बसव. कापूस वेचणाऱ्या बाईचे हात कधी जवळून बघितलेस का? वाळक्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात. तिथं बारीक ओरखडे असतात, जुन्यावर नवे. मनगटापासून पुढं हात उन्हानं काळवंडलेला, आणि पदराखालचं कपाळ दोन छटा उजळ. ट्यूबमधला तयार ‘कातडीचा रंग’ तिला चालायचा नाही. पिवडी, गेरूच्या जातीचा तांबडा, किंचित निळा, यांतूनच तुला तिचा रंग शोधावा लागेल, आणि तो सावलीत वेगळा, उन्हात वेगळा. तिच्या बोटांचं वळण साधलं तर ती कोण हे चेहऱ्याआधीच कळेल. या बाया आमच्यासमोरून रोज जातात, पण त्यांच्याकडं कुणी तास-तास बघत नाही. तुझ्या हातातलं माध्यम नेमकं तेच मागतं. माणसं काढायचे दिवस सरले म्हणणाऱ्यांना विचार, या बायांची चित्रं कुठं काढून झाली आहेत?

कामाच्या तीन गोष्टी. खालचे थर टर्पेंटाइननं पातळ, वरच्या थरांत तेल जास्त. उलटं केलंस तर रंग तडकतो. कोऱ्या कापडावर थेट तेल लावू नकोस, कापड कुजतं. आधी सरस आणि अस्तर हवंच. आणि जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. तेल वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळव, नाहीतर पाण्याच्या डब्यात ठेव. हे विसरायचं नाही.

वेचणीच्या दिवसांत सुट्टी काढून इकडं ये. शेजारच्या वहिनीला मी विचारून ठेवते. तिला जितके दिवस बसवशील, तितक्या दिवसांची पूर्ण मजुरी तिच्या हातात दे, कारण तिचा तो दिवस वेचणीतून जातो. आणि चित्र झालं की तुझ्या सरांच्या आधी तिला दाखव. ती काय म्हणते ते ऐक आणि मग पुढचं कापड ताण.

तुझी,
मावशी