जव्हार-मोखाड्यातले चोवीस तास

२०२५ सालची बकरी ईद ७ जूनला झाली. पाहुणे परतले, फ्रिजमधलं गोश्त संपलं आणि शाळा उघडायला दोनच दिवस उरले, तेव्हा घरात जव्हारचा बेत ठरला. भिवंडीहून वाडा-विक्रमगडमार्गे जव्हार तीन तासांवर; पण इतक्या वर्षांत आमचं जाणं झालं नव्हतं. खरं कारण धाकटे चाचा होते. हिवाळ्यात मोटारसायकलवरून पडल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची मूठ नीट वळत नव्हती. सहा महिने गॅरेजला कुलूप होतं. “हा हात आता चहाचा कप धरण्यापुरता,” एवढंच ते बोलत. अम्मीच म्हणाल्या, “त्याला घेऊन चला, जरा हवापालट होईल.”

मोठ्या मुलाने मात्र कुरकुर केली. त्याच शनिवारी संध्याकाळी साडेसातला फ्रान्समध्ये ल मां शर्यत सुरू होणार होती आणि जव्हारला नेटवर्क मिळणार की नाही, ही त्याची काळजी!

विक्रमगड मागे पडला की रस्ता वळणं घेत चढू लागतो. पाऊस नुकताच लागला होता. शेताच्या कोपऱ्यात राब भाजलेल्या काळ्या मातीवर नागली-वरईचं बी पडलं होतं. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवरून माणसं पावसाआधी गावी परततात ती याच पेरणीसाठी. सुमारे दीड हजार फुटांवर जव्हार लागलं आणि उकाडा मागे राहिला.

जव्हार हे मुकणे राजघराण्याचं संस्थान. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने इथल्या महादेव कोळी राजाला ‘नेमशहा’ हा किताब मान्य केला, असं सांगतात. राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला जयविलास राजवाडा झाडीत उभा आहे. गुलाबी छटेचा दगड, उंच खांब, वर घुमट. मुलं पायऱ्यांवर पळाली. शिरपामाळावर छत्रपती शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांची भेट झाली होती, तिथेही गेलो. सनसेट पॉइंटवर सूर्य काही दिसला नाही, खालच्या दरीत नुसतं धुकं होतं.

मगरिबनंतर लॉजच्या खोलीत शर्यत सुरू झाली. चित्र अडकत होतं, म्हणून मुलाने नुसती आकड्यांची पाटी लावली: गाडीचा नंबर, चालकाचं नाव, पुढच्या गाडीशी अंतर. बासष्ट गाड्या, एका गाडीला तीन चालक, आळीपाळीने चोवीस तास. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची, आणि त्यातला बराच रस्ता एरवी गावकऱ्यांच्या रोजच्या वापराचा. अम्मींनी विचारलं, “आपलं कुणी आहे का त्यात?” मुलाने सांगितलं, २०१२ साली आपला करुण चंढोक त्यात उतरला होता आणि त्याची गाडी सहावी आली होती.

“मग तू यंदा कुणाच्या बाजूने?” चाचांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“८३ नंबर. पिवळी फेरारी. रॉबर्ट कुबिका.”

मग त्याने जे सांगितलं ते आम्ही सगळेच ऐकत राहिलो. पोलंडचा हा चालक २००८ साली फॉर्म्युला वनची शर्यत जिंकलेला. २०११ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या एका रॅलीत रस्त्याकडेचा लोखंडी कठडा गाडीत घुसला आणि त्याचा उजवा हात तुटता तुटता राहिला. कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. तो हात पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. पण डाव्या हातावर जास्त भार टाकून तो गाडी चालवायला शिकला आणि २०१९ साली फॉर्म्युला वनमध्ये परतला. २०२१ साली ल मांमध्ये त्याची गाडी आपल्या गटात पहिली होती. शेवटच्या फेरीत, जोडीदार यिफेई ये चालवत असताना, ती बंद पडली. तोच ये आताही त्याच्या गाडीत होता.

चाचा काही बोलले नाहीत. पण पहाटे फजरला उठलो तेव्हा मोबाइल त्यांच्या उशाशी होता. “८३ अजून पुढच्यांत आहे,” ते हळूच म्हणाले.

रविवारी दाभोसा धबधबा वरूनच पाहिला. तिथे खाली उतरण्याचा मोह पावसाळ्यात टाळलेलाच बरा. मग मोखाडा. इथे पाऊस धो धो पडतो, वैतरणेचं धरणातलं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. रस्त्याने डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या बाया दिसत होत्या.

खोडाळ्याच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. नेटवर्क शून्य, पावसाची भुरभुर. मुलगा जॅक काढू लागला तसे चाचा उतरले. “आधी नट सैल कर, मग जॅक लाव.” पान्हा त्यांनी डाव्या हातात घेतला, नटावर बसवला आणि वर पाय देऊन दाबला. पहिला नट करकरला. हंडा घेऊन चाललेली एक आजी थांबली आणि म्हणाली, “मागं दगड लावा, उतार हाय.” धाकटीने धावत जाऊन दगड आणला. स्टेपनी चढली तेव्हा चाचांचा सदरा चिखलाने भरला होता. उजव्या हाताने त्यांनी फक्त नट धरले होते. पण एकही खाली पडू दिला नाही.

खोडाळ्यात मगरिब झाली आणि चहाच्या टपरीवर दोन काड्या नेटवर्क आलं. शेवटची काही मिनिटं. पाटीवर ८३ सगळ्यांत वर, गाडीत कुबिका. मागे ६ नंबरची पोर्शे. टपरीवाल्यानेही स्टोव्ह बारीक करून मान पुढे काढली. ३८७ फेऱ्या, पाच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर आणि शेवटी फरक अवघ्या चौदा सेकंदांचा. ८३ जिंकली.

मुलगा ओरडला. चाचांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “हात कुठला म्हणालास त्याचा?”

“उजवा.”

कसाऱ्याच्या वाटेने घरी पोहोचायला उशीर झाला. सोमवारी मुलं शाळेत गेली. गुरुवारी चाचांनी किल्ली मागितली. गॅरेजचं कुलूप गंजलं होतं. उजव्या हाताने फिरेना, म्हणून त्यांनी ते डाव्याने उघडलं.