बिननावाचा कॅमशाफ्ट

अब्बा गेल्यावर चार महिन्यांनी मी आणि धाकट्या भावाने मिरजेचं गॅरेज रिकामं करायला घेतलं. कपाटाच्या तळाशी तेलकट गोणपाटात गुंडाळलेला एक कॅमशाफ्ट सापडला, सोबत सुतळीने बांधलेले आठ पुशरॉड. कॅम पाहताच भाऊ म्हणाला, "अरे, हा तो विलायती कॅम!"

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सांगलीच्या एका शौकीन गिऱ्हाइकाची अ‍ॅम्बॅसेडर होती. त्याला ती मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतीत पळवायची होती. शोलावरमला महायुद्धाच्या काळातली धावपट्टी होती, तिच्यावर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. अब्बांनी त्या गाडीत इंग्लंडहून आलेला रेसिंग कॅम टाकला आणि गाडी वाऱ्यासारखी पळाली, अशी ती गोष्ट. पुढे त्या माणसाने गाडी घरच्या वापराला काढली. चौकात थांबली की ती गचके खायची, म्हणून अब्बांनी साधा कॅम परत बसवला आणि हा गोणपाटात गेला.

गोष्ट खोटी वाटण्यासारखी नव्हती. अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश बी-सिरीज घराण्यातलं आणि १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीतही याच मापाचं इंजिन होतं. एमजीएचा तेज कॅम अ‍ॅम्बॅसेडरमध्ये टाकला असेल, हे कुणालाही पटावं. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाला भावाने फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. विलायती रेसिंग कॅम असेल तर पंचवीस हजार द्यायला ते तयार होते. फक्त कुठल्या कंपनीचा, ते कळवा म्हणाले.

मी कॅमची दोन्ही टोकं रॉकेलने धुतली, भिंग लावून पाहिलं. नाव नाही, नंबर नाही, साधा ठप्पाही नाही. आपल्याकडे माणसाचीही ओळख आधी नावावरून करायची सवय आहे. नाव ऐकलं की पुढचं सगळं कळलं असं लोकांना वाटतं. माझं नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा किती वेळा बदलला, ते मी मोजायचं सोडून दिलंय. इथे नावच नव्हतं, म्हणून मोजण्यावाचून इलाज नव्हता.

कॅम घेऊन मी कोल्हापूरला उद्यमनगरात तात्यांकडे गेलो. तात्या जुने टर्नर, अब्बांचे चाळीस वर्षांचे दोस्त. आता शॉप मुलगा बघतो, पण ते रोज येऊन बसतात. त्यांनी भंगारातून अ‍ॅम्बॅसेडरचा एक साधा कॅमही शोधून आणला. "आधी हा मोजायचा, मग तुझा. सोबतीला दुसरा असल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही बघ."

कॅम व्ही-ब्लॉकवर ठेवला. टोकाला ३६० अंशांची चकती, लोबवर डायल गेज. गेजचं टोकदार पिन काढून तात्यांनी सपाट टोक लावलं. टॅपेट सपाट असतो, टोकदार पिनने लोबचा आकार चुकीचा मिळतो. मग हळूहळू फिरवत दर पाच अंशांना आकडा लिहायचा. कॅम एकदा फिरतो तेव्हा क्रँक दोनदा फिरतो, म्हणून आलेले अंश दुप्पट करायचे.

टॅपेट ०.४ मि.मी. उचलला तिथपासून मोजलं, तर साध्या कॅमवर व्हॉल्व्ह जवळजवळ २३० अंश उघडा राहत होता. आमच्या कॅमवर २६६. लोबची उचलही १.२ मि.मी. जास्त. म्हणजे कॅम शर्यतीचाच. जास्त वेळ उघडा व्हॉल्व्ह वरच्या आरपीएमला सिलिंडर चांगला भरतो, पण गाडी उभी असताना तेच इंजिन गचके खातं. सांगलीकरांची तक्रार अगदी बरोबर होती.

तात्यांनी मग मायक्रोमीटरने लोबचा गोल भाग मोजला. त्याचा व्यास साध्या कॅमपेक्षा ३.५ मि.मी. कमी भरला. "नवा ओतलेला नाही हा. साधाच कॅम घासून केलाय." लोखंड वाढवता येत नाही. उचल वाढवायची तर बुडाचा गोल घासून लहान करावा लागतो. पण मग टॅपेट तितका खाली बसतो आणि पुशरॉड आखूड पडतो. मी सुतळी सोडली. आठही रॉड साध्यापेक्षा पावणेदोन मि.मी. लांब होते. व्यासाच्या फरकाच्या नेमके निम्मे.

पुण्याला फोन केला. ते म्हणाले, "मग काय झालं? इंग्लंडमध्येही कॅम घासून देणारे होतेच." तेही खरं होतं. घासलेला आहे हे कळलं होतं, घासला कुणी ते कळलं नव्हतं.

तात्या मात्र माझ्या आकड्यांच्या कागदावर बोट ठेवून बसले होते. आठही लोबवर, चढाच्या एकाच जागी, काटा किंचित अडखळत होता. "दगड चुकला असता तर एखाद्या लोबवर चुकला असता. आठही ठिकाणी तीच चूक म्हणजे चूक मास्टरमधली." कॅम घासताना मशीन एका मोठ्या मास्टरची नक्कल करतं. मास्टरवर खोलगट जागा असेल तर ती प्रत्येक लोबवर उतरते.

ते उठले. मागच्या भिंतीवर ऑइल इंजिनांच्या कॅमचे जुने मास्टर तारेत ओवलेले होते. त्यातला एक काढून त्यांनी गेजखाली धरला. काटा त्याच जागी अडखळला.

"मिस्त्रींनी घरून कानशीनं करून आणला होता हा," तात्या म्हणाले. "घासला इथंच, माझ्या मशीनवर. गावात सांगू नका म्हणाले. मिरजेच्या मिस्त्रीनं केलाय कळलं तर गिऱ्हाईक गाडीत बसवू द्यायचं नाही."

घरी आल्यावर अब्बांची हिशेबाची वही काढली. मनात भीती होती, विलायती म्हणून विलायती दाम तर घेतला नसेल? १९७४ च्या पानावर त्या गाडीचा हिशेब होता. गॅस्केट, तेल, आणि "कॅम ग्राइंडिंग मजुरी". कॅमची किंमत कुठेच लावलेली नव्हती. कागदावर खरं लिहिलं होतं, लोकांना हवं ते फक्त बोलू दिलं होतं.

भाऊ म्हणाला, पुण्याला काही सांगू नकोस, पंचवीस हजार आहेत. मी सांगितलं. पलीकडे जरा शांतता. "म्हणजे लोकल आहे," ते म्हणाले, आणि भंगाराच्या भावाहून थोडा बरा आकडा दिला. मी नको म्हटलं.

अम्मी दारात उभी राहून ऐकत होती. "मग कुणाचा निघाला?"

"अब्बांचा."

"मेरेकू पूछना था ना," ती म्हणाली. "दोन महिने रात्री कानस चालायची. झोप माझी मोडायची."

तिने जुनी ओढणी तेलात भिजवली आणि कॅम पुन्हा नीट गुंडाळून ठेवला.