निळोण्याच्या काठी वाकडी मान

यवतमाळ, २४ मे

चि. मुक्ता हिस,


तू पाठवलेला गॉगल पोचला. तो घालून मी आरशासमोर उभा राहिलो, तर तुझी मामी म्हणाली, ‘चेहरा लपला ते बरंच झालं.’ परवाच इथे दुपारी सव्वाबाराला सावली पायाखाली गेली होती, त्यामुळे गॉगल अगदी वेळेवर आला.

काल तो घेऊन निळोणा धरणावर गेलो. चारची वेळ मुद्दाम धरली होती. या दिवसांत आपल्याकडे चारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंश वर असतो, आणि पाण्यावरून उसळणारा उजेड जवळजवळ पूर्णपणे आडवा कंप पावणारा व्हायला नेमका हाच कोन लागतो. ब्रूस्टरने १८१५ साली हे गणित मांडलं. तुझ्या गॉगलची काच फक्त उभा कंप आत सोडते. पश्चिमेकडे तोंड करून पाण्याकडे पाहिलं, तर डोळ्यांवर येणारी ती पत्र्यासारखी चकाकी पुसलीच गेली. पाणी बरंच खाली गेलंय. तळातले दगड दिसले, बोटभर मासोळ्या दिसल्या आणि कुणाची तरी एक निळी चप्पल.

मग मान तिरकी केली. दहा अंश, काही फरक नाही. वीस अंश, किंचित उजळलं. पुढे मात्र चकाकी धावतच आली. शेवटी मान पुरेना म्हणून गॉगल काढून डोळ्यासमोर हातानेच फिरवू लागलो. बकऱ्या घेऊन आलेला एक म्हातारा बराच वेळ पाहत होता. म्हणाला, ‘सर, मान आखडली का जी?’

मुक्ता, मालसचा नियम मी तीस वर्षं फळ्यावर लिहिला, कोज्येचा वर्ग. पण त्या वर्गाची चाल मानेला काल कळली. दहा अंश कललं तर चकाकीचा जेमतेम ३ टक्के भाग आत येतो. ४० पासून ५० पर्यंत तेवढंच कललं, तर ४१ वरून थेट ५९. शेवटच्या दहा अंशांत पुन्हा ३ टक्क्यांचाच फरक. दोन्ही टोकांना आळस आणि सगळी धावपळ मध्ये. (खुद्द मालसला हे सगळं संध्याकाळच्या खिडकीत सापडलं. १८०८ साली पॅरिसमध्ये तो समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवरचं ऊन कॅल्साइटच्या खड्यातून पाहत होता. खडा फिरवला तशी दोन प्रतिमांपैकी एक मालवली. चारच वर्षांत, छत्तिसाव्या वर्षी तो गेला.)

आता तुझा प्रश्न. दोन पोलरॉइड आडवे-उभे धरून अंधार केला, तर मध्ये तिसरं तिरकं घातल्यावर उजेड कसा येतो? खिशात प्रयोगशाळेतून बाद झालेला एक जुना तुकडा होता. गॉगल सरळ घातला, चकाकी गेली. गॉगलपुढे तो तुकडा ४५ अंशांत धरला, आणि चकाकी परत आली! म्हणजे मध्ये एक काळी काच वाढली आणि उजेडही वाढला. तळातले दगड मात्र आणखी अंधुक झाले. आपण याला ‘फिल्टर’ म्हणतो तिथेच फसतो, गाळणी डोळ्यासमोर येते. गाळणीवर गाळणी ठेवली तर माल कमीच व्हायला हवा. पण हा तुकडा उजेड अडवतो आणि जो सोडतो त्याचा कंप स्वतःच्या दिशेला वळवून सोडतो. आडव्यातला अर्धा तिरका झाला, त्या तिरक्यातला अर्धा उभा झाला. चकाकीचा चौथा हिस्सा डोळ्यात. तुझ्या तीन काचांच्या खेळात दिव्याचा साधा उजेड पहिल्याच काचेत निम्मा होतो, म्हणून शेवटी आठवा हिस्सा उरतो. हे आदर्श काचांचं झालं, खऱ्या काचा आणखी थोडा खातात.

खाण्याचं ठीक, गळण्याचं काय? घरी येऊन गॉगल आणि तो तुकडा आडवे-उभे धरून खिडकीकडे पाहिलं. पूर्ण काळोख नव्हताच, जांभळट उजेड झिरपत होता. आणि मालसच्या नियमाचं एक जुनं प्रॅक्टिकल आठवलं. ९० अंशांना सगळ्यांच्या वहीत मायक्रोअ‍ॅमीटरचं वाचन शून्य, एकाच मुलाच्या वहीत ४. मी त्याचे दोन गुण कापले होते, वर ‘पुन्हा घे’ असा शेरा. पोराने जे दिसलं ते लिहिलं होतं. बाकीच्यांनी पुस्तकातलं उतरवलं, आणि मी त्यांना पैकीच्या पैकी दिले. तो तुकडा हाच होता की दुसरा, आता सांगता येणार नाही.

सी. व्ही. रामन १९२१ साली बोटीवरून भूमध्य समुद्र पाहत होते, तेव्हा त्यांच्याजवळ याच कामाचा निकोलचा प्रिझम होता. वरची चकाकी त्यांनी अशीच मारली, आणि समुद्राचा निळा फिका व्हायच्या ऐवजी गडद झाला. म्हणजे तो रंग नुसता आकाशाचा उसना नव्हता. आपल्याला निळं काही दिसलं ते चप्पलच.

दिवाळीला येशील तेव्हा जाऊ दोघं. पण तोवर सूर्य दक्षिणेला कललेला असेल, चारला जाऊन उपयोग नाही. पावणेतीनला काठावर पोचायला हवं, म्हणजे जेवण लवकर उरकावं लागेल. मामीला तू सांग.

तुझा
मामा