केरसुणीचा धडा

चंद्रपुरास प्रथम नोकरीस लागलो तेव्हा आम्ही केवळ साहाय्यक शिक्षक. वर्ग झाडण्याविषयी मुलांस रोज उपदेश करावा, पण कोणी हलेना! हेडमास्तर असतो तर ऐकले असते, असे मनाचे समाधान करीत असू.

इतक्यात भामरागडजवळील हेमलकशाची हकीकत कानी आली. तेथे १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प निघाला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे ऐन तारुण्यात त्या अरण्यात राहावयास गेले. माडिया लोकांच्या अंगी पुरते वस्त्र नाही हे पाहून डॉ. प्रकाशांनी बनियन व अर्धी चड्डी हाच वेष पत्करला. प्रथम भिणारे रोगी पुढे दुरून चालत येऊ लागले.

आम्ही ओशाळलो. दुसऱ्या दिवशी निमूटपणे केरसुणी उचलली. चौथ्या दिवशी एका मुलाने ती आमच्या हातून काढून घेतली.

विद्यार्थिमित्रहो, पदाची वाट पाहू नका.