न फोडलेली पाकिटे

सेवानिवृत्तीनंतर कुहीला स्थायिक झाल्यापासून समाजातील मंडळी बँकेचा एखादा कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि मलाही त्यात समाधान वाटते. गेल्या महिन्यात सकाळी मंदिरातून परतलो, तो आमच्या नात्यातील एक तरुण व्यापारी ओसरीवर वाट पाहत बसलेला. "जय जिनेंद्र, काकाजी," म्हणून त्याने वर्तमानपत्राची घडी पुढे केली. नागपुरातील एका सदनिकेच्या लिलावाची ती जाहीर नोटीस होती. "बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त आहे. घेऊ का?"

राखीव किंमत खरोखरच आकर्षक होती. परंतु माझी नजर कर्जदाराच्या छापील नावावर थबकली आणि बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक दुपार डोळ्यांपुढे उभी राहिली.

त्या वेळी मी एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. तेथील एका धान्य व्यापाऱ्याने राहते घर तारण ठेवून दुकानासाठी कर्ज घेतले होते. दोन हंगाम तोट्यात गेले, उधारी अडकली आणि भरणा थांबला. वरिष्ठ कार्यालयातून प्राधिकृत अधिकारी ताबा घेण्यासाठी आले, तेव्हा मी सोबत होतो. "नोटिसा मिळाल्या होत्या ना?" असे विचारताच त्या गृहस्थांनी गादीजवळच्या पेटीतून जुन्या वहीत दडवलेली पाच पाकिटे काढली. पोचपावत्यांवर सही त्यांचीच होती; पाकीट मात्र एकही फोडलेले नव्हते. "साहेब, फोडली असती तर घरात कळले असते," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांना सारे त्याच क्षणी कळत होते.

त्या पाकिटांत काय होते, हे प्रत्येक कर्जदार कुटुंबाने जाणून घ्यावे. हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक काळ थकले की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला, दिवाणी दावा न लावता, तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला आहे. मात्र त्याआधी 60 दिवसांची मागणी नोटीस द्यावीच लागते. त्या मुदतीत कर्जदाराने लेखी आक्षेप घेतल्यास बँकेने 15 दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. 60 दिवस उलटल्यावर ताब्याची नोटीस दारावर लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापली जाते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असते. हा ताबा बहुधा प्रतीकात्मक असतो. माणसे घरातच राहतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, आणि आपल्या भागासाठी ते नागपुरातच आहे.

पुढे मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून मूल्य ठरवून बँक राखीव किंमत निश्चित करते आणि विक्रीपूर्वी कर्जदाराला 30 दिवसांची नोटीस देते. पहिला लिलाव फसल्यास पुढच्या वेळी 15 दिवसांची नोटीस पुरते. येथे एक गोष्ट अधोरेखित करतो. पूर्वी विक्रीच्या दिवसापर्यंत संपूर्ण थकबाकी भरून घर सोडवता येत असे. 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच तो हक्क संपतो. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हे स्पष्ट केले आहे. 'लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरू' या भरवशावर आता कोणी राहू नये.

आपल्याकडे अनेकांची खाती सहकारी बँकांत आहेत आणि हा कायदा त्यांना लागू नाही, असा समज अजूनही आढळतो. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 5 मे 2020 रोजी तो प्रश्न कायमचा मिटवला. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे. शेतजमीन मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पतसंस्थांची वसुली राज्याच्या सहकार कायद्याखाली, वसुली दाखला घेऊन होते.

त्या व्यापाऱ्याचे घर दुसऱ्या लिलावात गेले. गावाबाहेर त्यांचा एक रिकामा प्लॉट होता. तो वेळेत विकला असता तर घर वाचले असते, असे त्यांनीच मला पुढे सांगितले. मागणी नोटिशीनंतर तारण ठेवलेली वस्तू बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही हे खरे. पण संमती मागता येते, एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव देता येतो. मालकाने स्वतः ग्राहक शोधून केलेल्या विक्रीला लिलावापेक्षा बहुधा चांगला भाव मिळतो. लिलावातून देणे फिटून काही उरले तर ते मालकाचे असते. कमी पडले तर बाकी त्याच्या आणि जामीनदाराच्या माथी राहते.

दोष मी केवळ त्यांना देत नाही. त्या सहा महिन्यांत मी रोज त्यांच्या दुकानावरून जात होतो. ते हात जोडत, मीही जोडत असे. भरबाजारात कर्जाचा विषय काढू नये, ही माझी सभ्यता. घरात काढू नये, ही त्यांची लाज. एका संध्याकाळी आत जाऊन "शेटजी, ते पाकीट फोडून दोघे मिळून वाचू या," एवढे म्हणणे माझ्या हाती होते. मी नियमानुसार नोटिसा पाठवल्या आणि कर्तव्य संपले असे मानले.

हे सारे मी त्या तरुणाला सांगितले आणि मग खरेदीदाराची बाजू समजावली. बोली लावण्यापूर्वी अनामत भरावी लागते. बोली मंजूर झाल्यास अनामत धरून 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी आणि उरलेली 15 दिवसांत द्यायची. लेखी मान्यतेने मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. म्हणून गृहकर्ज हवे असल्यास त्याची तजवीज आधीच करावी. विक्री 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर होते. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल, भाडेकरू, न्यायाधिकरणातील प्रलंबित अर्ज यांचा शोध घेणे आपले काम. विक्री प्रमाणपत्र, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांचा खर्च वेगळा. त्याच्या नोटिशीत ताबा 'प्रतीकात्मक' लिहिला होता; म्हणजे पैसे भरूनही किल्ली कधी मिळेल ते निश्चित नाही. स्वस्ताईचे एक कारण तेच.

"घेणे पाप आहे का, काकाजी?" त्याने विचारले. मी म्हणालो, "नाही. योग्य किंमत देणारा ग्राहक मालकाचे देणेच हलके करतो. पण पाहणीच्या दिवशी स्वतः जा. केवळ भिंती पाहून परतू नकोस."

तो गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. घरात एक वृद्ध आजी होत्या, त्यांनी त्याला बँकेचा माणूस समजून पाणी दिले आणि विचारले, "मुलगा काही सांगत नाही. किती दिवस आहेत आमच्याकडे?"

त्याला उत्तर देता आले नाही. बोली लावायची की नाही, हे त्याने अजून ठरवलेले नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर नागपूरला गेलो आणि आजींच्या मुलाला भेटलो. सुरुवातीला तो माझ्याकडे पाहीना. मग उठून आत गेला आणि कपाटातून पाकिटे घेऊन आला. त्यांतील दोन बंदच होती. ती आम्ही आजींसमोर बसून फोडली.