एकाच लॉटचे सहा गुंडे

तुळशीबागेत लोकर घ्यायला गेली की ती आधी गुंडा मानेला लावून बघते, रंगाचं नंतर. तळव्याला मऊ लागलेली लोकर मानेला टोचू शकते, कारण तळव्याची कातडी निबर असते. तंतू साधारण ३० मायक्रॉनहून जाड असला की तो टोचायला लागतो. मेरिनो मेंढीचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर त्याहून कितीतरी भरड. तिची घोंगडी धनगराला थंडीपावसात सांभाळते, पण बाळाच्या टोपड्याला ती चालायची नाही.

ही पारख यायला वर्षं गेली. चौदाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा सुया हातात धरल्या त्या थोरल्या बहिणीच्या बाळंतविड्यासाठी. आईनं सुलट-उलट टाके शिकवले आणि आठ दिवसांत टोपडं आणि पायमोजे तयार झाले. ‘लोकर’ होती गुलाबी कॅशमिलॉन. मराठीत विणायच्या धाग्याला सरसकट लोकरच म्हणतात, त्यामुळे त्या धाग्याचा मेंढीशी काहीही संबंध नाही हे तिला फार उशिरा कळलं. तो अ‍ॅक्रिलिक, म्हणजे मूळ खनिज तेलातलं. तरीही ती निवड चांगलीच ठरली. बाळ दिवसातून चार वेळा दूध काढायचं, टोपडं नळाखाली धुतलं जायचं आणि दुपारपर्यंत वाळून पुन्हा डोक्यावर. पुण्याच्या थंडीला तेवढी ऊब पुरे होती.

मग भावाचा स्वेटर. बाटलीहिरवा रंग. पुढा, पाठ आणि एक बाही झाली आणि लोकर संपली. महिन्याभरानं त्याच दुकानातून त्याच रंगाचे गुंडे आणले. रात्री ट्यूबलाइटखाली सगळं एकसारखं दिसत होतं. सकाळी गॅलरीतल्या उन्हात दुसरी बाही निळसर निघाली. लोकर एका वेळी जेवढी रंगवतात तेवढ्याचा एक लॉट होतो. दुसऱ्या खेपेला कृती तीच असली तरी छटा थोडी सरकते. म्हणून गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो. तिनं पट्ट्या केव्हाच फेकल्या होत्या.

रडू आलं. पण दोन्ही बाह्या उसवून तिनं दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, अशा आलटूनपालटून विणल्या. फरक सगळीकडे सारखा पसरला. भावाला आजही त्यात काही वेगळं दिसत नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते टोरांटोचं. तिथे राहणाऱ्या नातवासाठी तिनं शुद्ध मेरिनोचा स्वेटर पाठवला. गडबडीत तो गरम पाण्याच्या मशीनमध्ये गेला, तिथून ड्रायरमध्ये, आणि बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि विणीचा नमदा होतो. मग पीळ सुटत नाही, माप परत येत नाही. दोष सुनेचा नव्हता. दोन लहान मुलं आणि नोकरी सांभाळणाऱ्या घरात हातानं धुवायची वस्तू पाठवणं हीच चूक होती, असं तिला मनापासून वाटलं.

आता ती सुपरवॉश मेरिनो घेते. त्यात खवल्यांच्या कडा रासायनिक प्रक्रियेनं बोथट करून वर पातळ लेप दिलेला असतो, म्हणून मशीनमध्ये ती आटत नाही. पण ती धुतल्यावर सैलावते. त्यासाठी तळहाताएवढा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मगच टाके मोजायचे.

परवा तिनं मोहरीच्या फुलाच्या रंगाचे सहा गुंडे घेतले. सहाही पट्ट्यांवरचे नंबर चष्मा लावून दोनदा ताडून पाहिले. स्वेटरला पाचच लागणार आहेत. ती मानेकडून खाली विणते, त्यामुळे बाह्यांची टोकं उसवून पुढे वाढवता येतात, आणि नातू भराभर उंच होतोय. सहावा गुंडा पट्टीसकट, कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यात, पत्र्याच्या डब्यात गेला आहे.