तापीकाठची उपकारस्तुती

नवापूर स्टेशनवर एक बाकडं आहे. त्याच्या मधोमध रेघ मारलेली. रेघेच्या अलीकडे बसलात तर तुम्ही महाराष्ट्रात, जरा सरकलात तर गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत आणि गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत. मी वसईचा. आमच्याकडे सकाळच्या लोकलमध्ये आत शिरायला मिळालं तरी लोक देवाचे आभार मानतात. इथे दोन राज्यं एकाच बाकड्यावर शेजारी बसलेली! खिडकीतून मान बाहेर काढून मी बघतच राहिलो. खानदेशानं पहिल्याच स्टेशनात मला चकित केलं.

सुरतेकडून जळगावला जाणारी ही वाट मी मुद्दाम धरली होती. चोपडा तालुक्यातल्या एका मित्राचं बोलावणं होतं. "आमच्या मंडळीचा कापणीचा सण आहे. तुम्ही आगेरा करणारी माणसं, एकदा आमचंही बघा." वसईत आगेऱ्याला, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि मग घरोघर नवं धान्य शिजतं. पोर्तुगीज 1739 साली वसईतून गेले, पण त्यांच्या काळातली दगडी देवळं मागे राहिली. त्या सावलीत वाढलेल्या माणसाला श्रद्धा वाडीसारखी वारशानं मिळते. सातबाऱ्यावर नाव आपोआप चढतं. जळगाव जिल्ह्यात शंभर माणसांत एक ख्रिस्ती सापडणंही कठीण. तिथे हा सण कसा होत असेल, याचं मला कुतूहल होतं.

नवापूरनंतर चिंचपाडा लागलं. छोटंसं स्टेशन, भोवती डोंगर, साग आणि भाताची खाचरं. इथे इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनचं ख्रिस्ती रुग्णालय आहे. सर्पदंश, बाळंतपणातले अडलेले प्रसंग, आदिवासींना पिढ्यानपिढ्या छळणारा सिकलसेल, असे सगळे रोगी इथे येतात. समोरच्या बाकावर मावची आदिवासी समाजातल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या टोपलीत भाजी, भाजीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं बायबल. "वाचता येतं का आजी?" मी विचारलं. "नात वाचते, मी ऐकते," त्या म्हणाल्या, "पण पुस्तक माझं आहे." एवढं बोलून त्यांनी पिशवीची गाठ पुन्हा आवळली. नवापूर तालुक्यात गावित, वसावे, मावची, कोकणी कुटुंबांतून ख्रिस्ती मंडळ्या आहेत आणि त्यांचे पाळकही त्याच पाड्यांवरचे. डोंगरात इतकी उपासना मंदिरं असतील असं मला वाटलंच नव्हतं.

नंदुरबार आल्याचं आधी नाक सांगतं. मिरचीचा हंगाम सुरू झालेला; गावाबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घातलेली. त्याला इथे पथारी म्हणतात. डोळ्यांना पाणी आलं तरी नजर हटत नव्हती. याच गावात एस. ए. मिशन शाळा आहे. त्यातलं एस. ए. म्हणजे स्वीडिश अलायन्स. बर्फाच्या देशातून ती माणसं पश्चिम खानदेशात आली आणि पारा 44-45 अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात राहिली. 1998 पर्यंत हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. पुढे दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा. हिरवळ मागे पडली, काळी जमीन आणि वेचणीला आलेला कापूस सुरू झाला. मग साने गुरुजींच्या शाळेचं अमळनेर आणि त्यानंतर धरणगाव. तिथे उतरलो. मित्राच्या गाडीतून तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही अंगांनी केळी अंगावर आल्या.

केळी आमच्याही वाडीत असते. बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, कडेला राजेळीची पाच-दहा झाडं, ती केळी सुकवून केलेली सुकेळी, एवढाच आमचा संसार. इथे चोपड्यापासून यावल-रावेरपर्यंत केळीच केळी. लागवडीचे दोन हंगाम, मृगबाग आणि कांदेबाग. ठिबकच्या नळ्या, ऊतिसंवर्धित रोपं, आणि क्विंटलच्या भावावर सगळ्या घराचा जीव टांगलेला. मी वसईहून सुकेळीचा पुडा भेट म्हणून नेला होता. जळगावला केळी घेऊन जाणारा हा मी पहिलाच, असं म्हणत मित्राच्या घरचे सगळे पोट धरून हसले.

हसू ओसरल्यावर खरी परिस्थिती कळली. उन्हाळ्याच्या शेवटी वादळी वारा सुटला आणि कापणीला आलेल्या बागा घडांसकट आडव्या झाल्या. उरलेल्या बागांवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला. रोपं उपटून फेकावी लागली. मंडळीतल्या बऱ्याच घरांचं वर्ष गेलं होतं. "मग यंदा सण लहान असेल?" मी विचारलं. मित्रानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रविवार रद्द करायला सांगितला होता.

सकाळी उपासना मंदिरात गेलो. पत्र्याचं छप्पर, निळसर चुन्याच्या भिंती, घंटा नाही, मूर्ती नाही. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे सतरंजी. पेटी, ढोलकी आणि टाळ. पहिलं गीत सुरू झालं आणि मी दचकलो, कारण चाल थेट अभंगाची होती. डोळे मिटले असते तर वारीत आहोत असं वाटलं असतं. गीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं होतं. मराठी ख्रिस्ती माणूस आज ज्या गीतांतून प्रार्थना करतो त्यांतली कितीतरी टिळकांनी लिहिली.

समोरच्या टेबलावर धान्य येऊ लागलं. बाजरी, मका, उडीद, शेंगा, कापसाची बोंडं, दुधी, हिरवी मोठी वांगी. एका आजींनी पिलांवर वाढलेल्या पिलबागेतला एकच बारका घड आणला. त्यांची बाग पूर्ण झोपली होती, हे सगळ्यांना माहीत. पाळकांनी साक्ष द्यायला सांगितलं तर त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि अहिराणीत म्हणाल्या, "केळी पडनी. जमीन ते जागावरच शे. देवनी किरपा शे." आणि खाली बसल्या. एवढीच साक्ष.

पाळकांचं प्रवचन हबक्कूक संदेष्ट्यावर होतं. त्या छोट्या पुस्तकाच्या शेवटी संदेष्टा एकेक नुकसान मोजतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही. तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असा त्याचा निर्धार. मी हा उतारा वसईत अनेकदा ऐकला होता, छान वाटला होता. ज्यांच्या गोठ्याची आणि बागेची गोष्ट चालली आहे त्यांच्यामध्ये बसून तो पहिल्यांदाच ऐकत होतो. पाळकांनी कुणाला खोटा धीर दिला नाही. विमा कंपनीकडे कागद वेळेत द्या, रोगट रोपं शेजाऱ्याच्या बांधावर टाकू नका, हेही त्यांनी त्याच प्रवचनात सांगितलं. आशा आणि पंचनामा एकाच व्यासपीठावर!

मग लिलाव. एक दुधी पाचशेला गेला. घेणाऱ्यानं तो परत टेबलावर ठेवला, पुन्हा बोली लागली, पुन्हा परत. शेजारच्या शेतातले एक पाटील, जे ख्रिस्ती नाहीत, दरवर्षी फक्त या लिलावासाठी येतात. त्यांनी शेंगांची पाटी चढ्या भावानं घेतली आणि मुलांत वाटून टाकली. माझ्या सुकेळीचीही बोली झाली. आजींच्या घडासाठी मात्र चढाओढ लागली आणि तो दिवसातला सगळ्यात महाग माल ठरला. जमलेले पैसे गावातल्या एका आजारी मुलाच्या उपचाराला द्यायचे, हे आधीच ठरलं होतं. तो मुलगा या मंडळीतला नव्हता.

दुपारी केळीच्या पानांवर पंगत बसली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचून केलेलं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. मित्राच्या आई आग्रह करत होत्या, "घ्या ना भाऊ, वसईले हे कोठे भेटस?" त्यांचं खरंच होतं. मी घेत राहिलो.

दुसऱ्या दिवशी जळगाव. या शहरात 1907 साली पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोवळा मुलगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. संमेलनाला आलेल्या टिळकांनी त्याला पुढे अहमदनगरला आपल्या घरी नेलं. तिथे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं.

या घराचा भूतकाळ सोपा नव्हता. 1893 साली टिळकांना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं बायबल दिलं. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा संसार त्या दिवशी दुभंगला. पाचेक वर्षं वाट्याला ताटातूट आणि अपमान. 1900 साली त्यांनी स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्या दुःखावरही त्यांना हसता आलं, आणि नवऱ्यानं अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पूर्ण केलं. अशा घरात ठोंबरे राहिला, जेवला, लिहीत राहिला आणि हिंदूच राहिला. त्याच्यावर माया करताना त्या दोघांनी धर्माची अट घातली नाही.

जळगावहून भुसावळकडे निघालं की लगेच भादली येतं. 5 मे 1918 रोजी इथे रूळ ओलांडताना बालकवींना गाडीची धडक बसली. वय सत्तावीस. पुढच्याच वर्षी 9 मे रोजी टिळक गेले. आदल्या दिवशी ज्या टिळकांच्या अभंगावर तापीकाठी टाळ वाजले, त्यांनीही जीव लावलेलं माणूस असं अचानक गमावलं होतं, हे भादलीला ध्यानात आलं. ती गीतं सुखवस्तू माणसानं लिहिलेली नाहीत. म्हणूनच बाग झोपलेल्या वर्षीही ती गाता येतात.

माझं मत विचाराल तर सांगतो. चारशे वर्षांची दगडी देवळं आम्हाला मिळाली, हे भाग्य आहे. पण पत्र्याखाली बसून, हिशेब तोट्यात असताना, पहिला घड देवापुढे ठेवणाऱ्या आजींकडून शिकण्यासारखं बरंच आहे. पीक आलं म्हणून आभार मानणं कुणालाही जमतं. पीक गेलं तरी शेजाऱ्याच्या मुलासाठी बोली लावायला बळ लागतं. वसईकरांनो, आगेरा आटोपला की एकदा खानदेशात जाऊन या. नोव्हेंबरात जा, तेव्हा ऊन सोसवतं आणि भरीत मिळतं. लिलावासाठी चार पैसे जास्तच ठेवा.